वसंत रद्द करता येत नाही: हॉकनीची निसर्गचित्रं बघून खरंच उमेद वाटते का?

रानवाटा

डेव्हिड हॉकनीची नॉर्मंडीतली वसंताची चित्रं इथे कोणी कोणी बघितलीत? प्रत्यक्ष बघितली असतील तर उत्तमच, पण स्क्रीनवर बघितली असतील तरी चालेल, कारण मुळात ती आयपॅडवरच काढलेली आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हॉकनी १९३७ चा, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा. जगाला माहीत आहे तो कॅलिफोर्नियातल्या निळ्याशार स्विमिंग पूलांमुळे. २०१९ मध्ये त्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात एक जुनं घर घेतलं, भोवती फळझाडं, तळं, ओढा. तिथला वसंत रंगवायचा हे आधीपासून ठरलेलं होतं आणि नेमकं २०२० च्या मार्चमध्ये सगळं जग बंद झालं. हा ८२ वर्षांचा माणूस आवारात बसून चित्रं काढत राहिला. त्यातलं पिवळ्या डॅफोडिलचं एक चित्र त्याने तेव्हाच सगळ्यांसाठी बाहेर पाठवलं, नाव साधारण असं की 'लक्षात असू द्या, वसंत काही कोणी रद्द करू शकत नाही'. पुढे २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत या मालिकेतली ११६ चित्रं लागली.

मला ही चित्रं मनापासून आवडतात. आजच्या कलेत दुःख, राग, तुटलेपण मांडलं की त्याला वजन मिळतं आणि कोणी उमेद मांडली की लगेच 'सजावटी' म्हणून बाजूला सारतात, हे मला फार खटकतं. झाडाला पालवी फुटतेय एवढंच दाखवणारं चित्र गंभीर का असू शकत नाही?

तर प्रश्न दोन. ही उमेद चित्रात आहे की आपण २०२० मध्ये घाबरलेलो होतो म्हणून ती आपल्याला दिसली? आणि असं उभारी देणारं निसर्गचित्र काढणारं तुमचं आवडतं कोण?

ठोकळा

बघितली. हिरवा फार भडक आहे. दवाखान्यात वेटिंग रूमला लावतात त्या कॅलेंडरपेक्षा वेगळं काही मला दिसलं नाही, सॉरी.

निळावंती

ठोकळा, भडक आहे हे खरंच आहे, तिकडच्या काही समीक्षकांनाही तसंच वाटलं होतं. पण पावसानंतर ऊन पडल्यावर ताज्या गवताचा हिरवा खरोखर तेवढा भडक असतो. आपणच त्याला मनात जरा मळकट करून ठेवतो.

लीड्सकर

रानवाटाताई, धाग्याबद्दल आभार. मी यॉर्कशायरमध्ये राहतो आणि हॉकनी आमच्याकडे जवळजवळ घरचा माणूस आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

नॉर्मंडीच्या चित्रांकडे २०२० पासून बघायला सुरुवात केली तर अर्धी गोष्ट हातातून जाते. सुरुवात १९९७ ची आहे. जोनाथन सिल्व्हर नावाचा हॉकनीचा मित्र होता, त्याने १९८७ मध्ये यॉर्कशायरच्याच साल्टेअर गावातली बंद पडलेली कापडगिरणी विकत घेतली. ही १८५३ ची सॉल्ट्स मिल, टायटस सॉल्टने बांधलेली, अल्पाका लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध. ज्यांच्या घरातलं कोणी परळ लालबागच्या गिरणीत होतं त्यांना एवढी मोठी गिरणी बंद पडणं म्हणजे गावाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. सिल्व्हरने तिथे हॉकनीच्या चित्रांची गॅलरी काढली, पुस्तकांचं दुकान, खायची जागा, आणि ती वास्तू परत उभी राहिली.

तर हा सिल्व्हर कॅन्सरने आजारी पडला. हॉकनी तेव्हा अमेरिकेत राहायचा, तो इकडे आला, ब्रिडलिंग्टनला आईकडे मुक्काम आणि मित्राला भेटायला गाडीने पार वेदरबीपर्यंत जायचं. मधे वोल्ड्स नावाचा टेकड्यांचा भाग लागतो. मित्र बऱ्याच दिवसांपासून म्हणत होता की यॉर्कशायर रंगव, ते त्याने आता मनावर घेतलं. त्या वर्षीचं वोल्ड्समधून जाणाऱ्या रस्त्याचं चित्र बघा, मग १९९८ चं गॅरोबी हिलचं बघा. वळणावळणाचा जांभळा लाल रस्ता, खाली शेतांचे चौकोन, रंग असे की सणच वाटावा. आणि हा रस्ता मरणाऱ्या मित्राच्या घराकडे जाणारा आहे! सिल्व्हर सप्टेंबर १९९७ मध्ये गेला, फक्त ४७ वर्षांचा होता.

त्यामुळे 'कॅलेंडर' म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की या रंगांच्या मागे काय चाललं होतं ते माहीत करून घ्या आणि मग परत बघा.

गवतफुला

लीड्सकर, सुंदर लिहिलंत. मला हे काहीच माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

ठोकळा

गोष्ट चांगली आहे, पण ती गोष्ट आहे. चित्र स्वतः काय सांगतं? प्रत्येक चित्राखाली कोणी मित्राच्या कॅन्सरची माहिती वाचून दाखवणार आहे का? माहिती काढून घेतली की उरतो एक रंगीत रस्ता.

दुसरं म्हणजे नॉर्मंडीत स्वतःचं घर, भोवती फळबाग, मदतीला माणसं. २०१८ मध्ये याचं एक जुनं पूलवालं चित्र ९ कोटी डॉलरला विकलं गेलं होतं, जिवंत चित्रकाराच्या चित्राला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी किंमत (ते पैसे त्याला मिळाले नाहीत, विकणारा दुसरा होता, हे मला माहीत आहे, पण पत समजा). अशा माणसाने सांगायचं की वसंत येणार आहे, काळजी करू नका. त्याच महिन्यात आपल्याकडे लोक मुंबई नाशिक हायवेने डोक्यावर बोचकं घेऊन चालत गावाला निघाले होते. त्यांच्यासाठी रस्त्याकडेचा पळस फुललेला होताच की. काय उपयोग झाला त्याचा?

तिरकी_रेघ

ठोकळा यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही, त्याच्याकडे परत येते. आधी आयपॅडबद्दल, कारण मी चित्रकला शिकवते आणि 'आयपॅडवर काय, कोणीही काढेल' हे वर्गात सारखं कानावर येतं.

तैलरंगात किंवा वॉटरकलरमध्ये स्पॉटवर लँडस्केप करायचं तर अर्धी लढाई उजेडाशी असते. सकाळी साडेसहाला जो उजेड असतो तो सातला नसतो. आपण वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकतो, तो सुकायची वाट बघतो, तोवर सावली सरकून दुसऱ्या झाडावर गेलेली. हॉकनीने २००९ मध्ये आयफोनवर आणि २०१० मध्ये आयपॅड आल्याबरोबर त्यावर काढायला घेतलं. तिथे रंग सुकायची भानगड नाही, पॅलेट धुवायचं नाही, अंधार पडला तरी स्क्रीन स्वतःच उजळलेली, त्यामुळे पहाटेचं आणि चंद्रप्रकाशातलंही जागेवर बसून काढता येतं. शिवाय काढलेली रेघन् रेघ नंतर क्रमाने परत चालवून बघता येते, शिकणाऱ्याला याच्याइतकं काही उपयोगी नाही. पाऊस कसा काढलाय, पाण्यावरचे थेंब कसे ठेवलेत, झाडाच्या सालीला कुठे ठिपके आणि कुठे ओरखडे, हे सगळं बघत बसावं.

तोटेही आहेत. मोठा प्रिंट काढला की काही ठिकाणी रेघ प्लास्टिकसारखी सपाट दिसते, रंगाच्या थराचं वजन नसतं. मला स्वतःला त्याची तैलरंगातली मोठी कामं जास्त आवडतात. २००७ चं वॉर्टर गावाजवळच्या झाडांचं चित्र ५० कॅनव्हास जोडून केलंय, सुमारे १२ मीटर लांब आणि साडेचार मीटर उंच. त्यात बहर नाही, पालवी नाही. वसंत यायच्या आधीची उघडी फांदोरी आहे सगळी. पुढच्या वर्षी त्याने ते टेट म्युझियमला देऊनच टाकलं.

आणि आता ठोकळा यांच्याकडे. तुम्ही म्हणता गोष्ट काढून घेतली की रंगीत रस्ता उरतो. पण २०११ ची वोल्डगेटची मालिका बघा, ५१ आयपॅड चित्रं आणि ३२ कॅनव्हासचं एक मोठं. एकच साधा गावरस्ता, जानेवारीपासून जूनपर्यंत. एक चित्र उचललंत तर कॅलेंडर वाटेल, मान्य. ओळीने बघितलीत की कळतं, हा माणूस फुलं दाखवत नाहीये, वाट बघणं दाखवतोय. पाच सहा चित्रांत तर नुसता चिखल आणि धुकं. ती उमेद मला त्या क्रमात दिसते, त्याला खालच्या माहितीची गरज लागत नाही.

निळावंती

'वाट बघणं दाखवतोय' याला शंभर लाईक्स.

ऐसपैस

अवांतर: जानेवारीत चिखलात बसून चित्र काढणाऱ्याला आमच्याकडे सर्दी होईल म्हणून आईने घरात ओढून नेलं असतं, त्यामुळे महाराष्ट्र एका हॉकनीला मुकला आहे :)

गवतफुला

ठोकळादादांशी मी अर्धी सहमत आहे आणि अर्धी नाही, म्हणून लिहितेय.

मी त्या काळात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते. ते डॅफोडिलचं चित्र कुठल्यातरी ग्रुपवर आलं होतं तेव्हा, बघितलं आणि पुढे गेले. खरं सांगायचं तर राग आला होता. दिवसभर सॅम्पल हाताळून, पीपीई किट काढून घरी आल्यावर मुलाला जवळ घेता येत नव्हतं आणि कोणीतरी फुलं पाठवतंय, असं झालं. तेव्हा मला कोणी म्हटलं असतं की हे आशेचं चित्र आहे तर मी फोन बंद केला असता.

पण त्याच मालिकेतली पावसाची आणि उघड्या झाडांची चित्रं मी पुष्कळ नंतर बघितली, सगळं निवळल्यावर, आणि तेव्हा मात्र बराच वेळ बघत बसले. मला वाटतं संकट चालू असताना आशा पोचत नाही, आधी झोप लागते माणसाला, जेवण लागतं. ती नंतर लागते, जेव्हा आपण परत सुरू करायचं ठरवतो तेव्हा. हायवेवरून चालणाऱ्याला पळसाचा उपयोग नव्हता हे बरोबर आहे. त्याला गाडी आणि पाणी हवं होतं. पण म्हणून पळस रंगवणारा खोटा ठरत नाही.

ठोकळा

गवतफुला, हे पटलं. 'खोटा' मी म्हटलं नव्हतं पण माझ्या लिहिण्यातून तसं निघत होतं.

लीड्सकर

गवतफुलाताई, तुमच्या प्रतिसादानंतर हॉकनीच्या २०१३ च्या चारकोलबद्दल, म्हणजे कोळशाने काढलेल्या चित्रांबद्दल, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०१२ च्या सुरुवातीला रॉयल अकॅडमीत त्याची यॉर्कशायरची निसर्गचित्रं लागली आणि बघायला सहा लाखांच्या आसपास लोक आले. आनंदीआनंद. त्याच वर्षी पानगळीत त्याला स्ट्रोक आला, बोलण्यावर परिणाम झाला. वोल्डगेटजवळ एका तुटलेल्या झाडाचं उंच खोड उभं होतं, ते त्याने पुन्हा पुन्हा रंगवलेलं, त्याला 'टोटेम' म्हणायचा. नोव्हेंबरमध्ये कोणीतरी रात्री येऊन त्याच्यावर रंग फवारला आणि ते कापून टाकलं. वृत्तपत्रांतून तेव्हा आलं होतं की तो फार खचला. त्याने काय केलं, तर आडव्या पडलेल्या त्या खोडाची चारकोलने चित्रं काढली. मग २०१३ उजाडल्यावर त्याच रस्त्यावरच्या पाच जागा निवडल्या आणि प्रत्येक जागा पाच वेळा काढली, हिवाळ्यापासून वसंतापर्यंत, एकूण २५ चित्रं. सगळी काळीपांढरी. मार्चमध्ये त्याच्या स्टुडिओतला एक तरुण मदतनीस वारला, तरी ती मालिका मेअखेर पूर्ण झाली.

ठोकळा, तुम्हाला हिरवा भडक वाटतो ना, मग ही बघा. एकही रंग नाही आणि तरी ऊन पडलेलं कळतं.

चित्रवेडा

वरच्या चर्चेत फ्रेंच चित्रकार मोने यायलाच हवा. हॉकनीने नॉर्मंडीतली चित्रं एकापुढे एक जोडून सुमारे ९० मीटरचा एक पट्टा केला, वर्षभराचे सगळे ऋतू, आणि तो २०२१ मध्ये पॅरिसच्या ओरांजरी म्युझियममध्ये लागला. हे तेच म्युझियम जिथे मोनेची कमळं आहेत. पहिलं महायुद्ध संपलं ११ नोव्हेंबर १९१८ ला, आणि दुसऱ्याच दिवशी मोनेने फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो याला पत्र लिहून आपली चित्रं देशाला देऊ केली. लाखो माणसं मेलेल्या देशाला त्याने दिलं काय, तर तळं! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी काम चालू. १९२६ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी ते दालन उघडलं. तेव्हाही कोणी ना कोणी म्हणालंच असेल की एवढ्या मढ्यांवर कमळं कसली काढता.

९० मीटरची कल्पना हॉकनीला बायोच्या टेपेस्ट्रीवरून सुचली, म्हणजे नॉर्मंडीतल्याच बायो गावच्या भरतकाम केलेल्या लांब कापडावरून, सुमारे ७० मीटरचं, अकराव्या शतकातलं. त्यात सावल्या नाहीत, एका डोळ्याने बघितल्यासारखं पर्स्पेक्टिव्ह नाही. बघणाऱ्याने चालत जायचं. आपल्या चित्रकथी परंपरेत पिंगुळीला एकेक चित्र पुढे करत कथा सांगतात, तिथे बसून ऐकायचं असतं आणि इथे आपणच चालायचं, एवढाच फरक. (तुलना फार ताणायची नाहीये, पण चित्र काळात पसरतं हे आपल्याला नवीन नाही.)

रांगडा_कोल्हापुरी

चर्चा झकास चाललीय. दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळंना म्हणून मी वळतो. आमचे आबालाल रहिमान. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, मुंबईच्या जेजेत शिकलेले, मनात आणलं असतं तर मुंबईत पोर्ट्रेटं करून पैसा केला असता. पण गडी कोटीतीर्थाकाठी राहिला आणि तळी, घाट, झाडं रंगवत बसला, फकिरासारखा. रंकाळ्यातला संध्यामठ, पंचगंगेचा घाट. १९३१ ला गेले. ते काय हॉकनीसारखे आजचे नाहीत, पण एकच तळं पुन्हा पुन्हा बघून माणसाचा जीव भरत नाही ही गोष्ट कोल्हापुरात आम्हाला शंभर वर्षांपूर्वी कळलेली हाय.

तिरकी_रेघ

वा! आबालालांची आठवण काढलीत, बरं वाटलं. आणि आजचं म्हणाल तर पुण्याच्या मिलिंद मुळीकांची वॉटरकलर बघून किती जणांनी नोकरी सांभाळून रविवारी सकाळी ब्रश हातात घेतला असेल, आमच्या वर्गातच कितीतरी आहेत. साधी गल्ली, ओला रस्ता, छपरावरचं ऊन. ते चित्र 'आशा' असा फलक लावून येत नाही, पण बघून बाहेर पडावंसं वाटतं.

भरउन्हात

एक शंका. युरोपात वसंत म्हणजे थंडीतून सुटका, म्हणून तिथे डॅफोडिल बघून लोकांचे डोळे भरून येतात. आपल्याकडे मार्च म्हणजे परीक्षा, पाण्याचे टँकर आणि पंख्याखाली जागा मिळवायची मारामारी. आपली उमेद जूनमध्ये येते, पहिल्या पावसाला. मग हॉकनीचा वसंत आपल्याला आतून भिडणार कसा?

पानकळा

भरउन्हात, पावसाचं खरंय, विदर्भ मराठवाड्यात तर कोणालाही विचारा. पण मार्च अगदीच रिकामा नाही हो. सह्याद्रीत फेब्रुवारी मार्चला चक्कर मारा. काटेसावर, पळस, पांगारा तिन्ही झाडं पानं टाकून उघडी होतात आणि मग फुलतात. आणि कुसुंब! त्याची नवी पालवी लालभडक असते, लांबून वाटतं झाड पेटलंय. सगळा डोंगर वाळून पिवळा पडलेला, वणव्याचे काळे पट्टे, ओढे आटलेले, आणि मधेच हे. पाऊस यायला अजून तीन महिने आहेत आणि झाड त्याची वाट न बघता पालवी काढतं. मुळं खोलवर ओल शोधून असतात म्हणून त्याला ते जमतं.

कोणीतरी एकच कुसुंब धरून जानेवारी ते जून रंगवायला पाहिजे. वोल्डगेटसारखं. आपल्याकडे हिरव्या पावसाळी घाटाची चित्रं खंडीभर निघतात, भर उन्हाळ्याचा डोंगर कोणी काढत नाही.

निळावंती

हे मनावर घेतलंय. माझ्या ऑफिसच्या रस्त्याला एक कुसुंब आहे. चांगलं येवो न येवो, काढत राहणार.

तिरकी_रेघ

निळावंती, एक सांगू? जागा बदलू नकोस आणि कागदाचा आकार बदलू नकोस. तेवढं पाळलंस तर बाकीचं झाडच करतं. आणि लाल पालवीला नुसता तयार लाल लावू नकोस, कोवळ्या पानातून ऊन आरपार येतं, तिथे आधी पिवळा वॉश ओला असतानाच लाल सोड.

रानवाटा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या पहिल्या प्रश्नाचं आत्ता मला वाटणारं उत्तर लिहिते.

उमेद फुलांच्या चित्रात असते असं धागा काढताना माझ्या डोक्यात होतं. गवतफुलाचं वाचून आणि ती २५ चारकोल शोधून बघून वाटतंय की ती उघड्या फांद्यांच्या चित्रात जास्त आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीत २०१८ मध्ये हॉकनीने डिझाइन केलेली राणी एलिझाबेथची खिडकी बसवली, तीत मुकुट नाही, सिंहासन नाही, यॉर्कशायरच्या हॉथॉर्नचा, म्हणजे पांढऱ्या फुलांच्या काटेरी झुडपाचा, बहर आहे. हा बहर जेमतेम थोडे दिवस टिकतो. तो गाठायचा तर पहाटे उठून रोज तिथे जावं लागतं, आधीचे कोरडे दिवससुद्धा. जो माणूस रोज जातो त्यालाच तो मिळतो, आणि रोज जाण्यालाच मी उमेद म्हणेन. ठोकळा म्हणतात तसं पैसा असला की हे सोपं जातं, नक्कीच. पण स्ट्रोकनंतर थंडीत रस्त्याकडेला बसणं पैशाने सोपं होत नाही.

ठोकळा

चारकोल बघितली. विशेषतः ओंडके रचून ठेवलेत ती. ही मला आवडली, मोठी करून बघितली. नॉर्मंडीबद्दल माझं मत तेच आहे, तिथे मला घाई दिसते. पण हा माणूस कॅलेंडर चित्रकार नाही, एवढं मान्य.

चित्रवेडा

ठोकळेराव, घाईबद्दल असहमत. पुढच्या धाग्यात भांडू.

गवतफुला

लीड्सकर, जूनच्या आधी भावाकडे मँचेस्टरला येणं होईल बहुतेक. सॉल्ट्स मिल आणि तो वोल्डगेटचा रस्ता एका दिवसात होतो का? आणि तो पांढरा बहर नक्की कधी असतो?

लीड्सकर

एका दिवसात करू नका, दगदग होईल. साल्टेअर सोपं आहे, लीड्सहून लोकल ट्रेन थेट जाते, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर गिरणी, आणि गॅलरीला तिकीट नाही. हॉकनीचा तो ९० मीटरचा पट्टा २०२२ मध्ये तिथल्याच वरच्या मजल्यावर लागला होता, तेव्हा मी बघितलाय, चालता चालता ऋतू बदलत जातात. आता तो तिथे नसेल, पण बाकी चित्रं बघायला मिळतील.

वोल्डगेट ब्रिडलिंग्टनच्या बाहेर आहे, तिथे गाडीच लागते. साधा गावरस्ता आहे, पाटीबिटी शोधत बसू नका. हॉथॉर्न साधारण मे महिन्यात फुलतो, थंडी लांबली तर पुढे सरकतो. तिकीट काढायच्या आधी मला इथे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्या आठवड्यात काय परिस्थिती आहे ते बघून सांगतो.